पाणी न पिणाऱ्या आजी: परिचर्या निदानातील कारणाच्या शोधाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात, स्त्रियांच्या वॉर्डमध्ये हे प्रकरण घडले. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. रुग्ण 72 वर्षांच्या आजी, वजन 52 किलो, बरीच वर्षे मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू. पहाटे अंगणात घसरून पडल्या आणि दुपारी जीपमधून रुग्णालयात आणल्या गेल्या. एक्स-रेमध्ये डाव्या खुब्याजवळ मांडीच्या हाडाचे इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर दिसले. पायाला स्किन ट्रॅक्शन (पट्टी बांधून पाय ओढून धरण्याची व्यवस्था) लावून वजन सोडण्यात आले आणि हाडाच्या आतून नेल, म्हणजे धातूची सळी, बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय झाला.

खुब्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या 48 तासांत व्हावी असा आग्रह असतो, कारण म्हातारे माणूस जितके जास्त दिवस पाठीवर पडून राहते तितका छातीचा, त्वचेचा आणि मेंदूचा धोका वाढत जातो. येथे मात्र वाढलेली साखर, हृदयाच्या तपासणीची वाट आणि खर्चाच्या मंजुरीचे कागद या तिन्ही गोष्टींमुळे शस्त्रक्रिया सातव्या दिवसावर गेली. वाट पाहण्याच्या या काळात डॉक्टरांच्या हातात करण्यासारखे थोडे होते आणि नर्सिंगच्या हातात पुष्कळ.

वॉर्डमध्ये दिवसा दोन सिस्टर आणि एक मावशी, रात्री एक सिस्टर आणि उचलण्या-वळवण्यासाठी एक मामा, अशी व्यवस्था होती. दिवसा सून थांबायची. घरी लहान मुले असल्याने ती संध्याकाळी जायची आणि रात्री मुलगा व्हरांड्यात झोपायचा. ही माहिती केस पेपरवर कोठेही नव्हती, कारण ती आजाराशी संबंधित आहे असे कोणाला वाटले नव्हते.

पहिला केअर प्लॅन

परिचर्या (नर्सिंग) प्रक्रियेचे पाच टप्पे प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतात: माहिती गोळा करून आकलन, परिचर्या निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. निदानाला स्वतंत्र टप्पा म्हणून स्थान मिळाले ते 1970च्या दशकात. 1973 साली अमेरिकेत सेंट लुईस येथे परिचर्या निदानांच्या वर्गीकरणासाठी पहिली राष्ट्रीय परिषद भरली. परिचर्यातज्ज्ञ मार्जोरी गॉर्डन यांनी निदान लिहिण्याची जी तीन भागांची रचना मांडली, तीच आजही शिकवली जाते. पहिल्या भागात समस्या, दुसऱ्यात ती कशाशी संबंधित आहे ते कारण आणि तिसऱ्यात ती कशावरून दिसते ती लक्षणे. समस्या अजून उद्भवलेली नसून केवळ धोका असेल, तर तिसरा भाग लिहिता येत नाही, कारण लक्षणे नसतात. अशा वेळी कारणाच्या जागी धोका वाढवणारे घटक लिहितात.

आजींच्या फाइलमध्ये दाखल झाल्याच्या संध्याकाळी लिहिलेला केअर प्लॅन या साच्यात नीट बसणारा होता. त्यात चार निदाने होती: फ्रॅक्चरशी संबंधित तीव्र वेदना, ट्रॅक्शनशी संबंधित हालचालीतील अडथळा, सतत पाठीवर पडून राहिल्याने त्वचेला इजा होण्याचा धोका, आणि अपुऱ्या सेवनामुळे शरीरातील द्रव कमी होण्याचा धोका. चौथ्या निदानापुढे अपेक्षित परिणाम म्हणून ‘रुग्णाला पुरेसे द्रव मिळेल’ आणि कृती म्हणून ‘भरपूर पाणी पिण्यास प्रोत्साहन द्यावे, इनटेक-आउटपुट चार्ट ठेवावा’ असे लिहिले होते. मूल्यमापनाच्या रकान्यात तिन्ही दिवस एकच वाक्य होते: ‘रुग्णाला पाणी पिण्यास सांगितले.’

हा प्लॅन वरवर पाहता चुकीचा नव्हता, आणि परीक्षेत त्याला गुणही मिळाले असते. पण त्यात तीन जागा पोकळ होत्या. ‘अपुरे सेवन’ हे कारण समस्येचीच पुनरुक्ती करते; आजी पाणी कमी पितात म्हणून त्यांच्या शरीरात पाणी कमी, एवढेच त्यातून कळते. ‘पुरेसे’ या शब्दाला माप नसल्याने अपेक्षित परिणाम साधला की नाही हे कोणालाच सांगता आले नसते. आणि मूल्यमापनात सिस्टरने काय केले हे लिहिले होते, रुग्णात काय बदलले हे नव्हते. मूल्यमापन म्हणजे ठरवलेला परिणाम पूर्ण साधला, अंशतः साधला की साधलाच नाही याचा निवाडा, आणि तो निवाडा ‘सांगितले’ या क्रियापदावर करता येत नाही.

आकलनाच्या छापील फॉर्ममध्ये गॉर्डन यांच्या 11 आरोग्य-आकृतिबंधांचे, म्हणजे आहार, उत्सर्जन, झोप अशा गटांचे, रकाने होते. ‘उत्सर्जन’ या रकान्यात ‘नॉर्मल’ असा एक शब्द होता. हा शब्द लिहिणाऱ्या सिस्टरने आजींना ‘लघवीला काही त्रास?’ असे विचारले असणार आणि आजींनी मान हलवून ‘नाही’ म्हटले असणार. अशा उत्तरांवर वॉर्ड चालतो, त्यामुळे त्या सिस्टरला फार दोष देता येत नाही.

समस्या

पहिले दोन दिवस आजी शांत होत्या. इतक्या शांत की राउंडला त्यांच्या खाटेपाशी कोणी फार थांबत नसे. औषधांबरोबर दिवसाला सलाईनची एक पाइंट बाटली जात होती. वेदनेसाठी ट्रामाडॉल चालू होते. सून पेज भरवायची, आजी दोन चमचे घेऊन ‘पुरे’ म्हणायच्या. इनटेक-आउटपुट चार्टवर तोंडावाटे घेतलेल्या द्रवासमोर ‘घोट-घोट’ आणि लघवीसमोर ‘झाली’ असे शेरे होते, मिलिलिटरचा आकडा कोठेही नव्हता.

तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास आजी उठून बसण्याची धडपड करू लागल्या. ट्रॅक्शनची पट्टी ओढणे, चादरीवरून काहीतरी वेचल्यासारखे बोटे फिरवणे, पूर्वीच वारलेल्या भावाला हाका मारणे असे चालू होते. शेजारच्या खाटांवरचे रुग्ण जागे झाले. मुलगा घाबरला आणि ‘आईला वेड लागलं का’ असे विचारू लागला. मामांनी हात बांधू का, असे विचारले.

पहिला निर्णय-बिंदू: तिसरी रात्र

रात्रीच्या सिस्टरपुढे तीन वाटा होत्या. हात बांधणे, ड्यूटीवरील डॉक्टरांनी फोनवरून ‘गरज पडल्यास द्या’ म्हणून सांगितलेले शांत करणारे इंजेक्शन लगेच देणे, किंवा आधी तपासणे. तिने तिसरी वाट धरली, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता. हात बांधल्याने भ्रमातील म्हातारा रुग्ण अधिक झगडतो, आणि झोपेच्या औषधाने कारण झाकले जाते, तेही रात्रीच्या एकट्या सिस्टरसमोर.

तिने नाडी पाहिली, 108. रक्तदाब 100/64, जो दाखल होताना 148/86 होता. ताप नाही, ऑक्सिजन 96, ग्लुकोमीटरवर साखर 212. ओटीपोट हाताने तपासले, मूत्राशय फुगलेले लागले नाही. जीभ कोरडी होती. मग तिने आजींना वार उलटे म्हणायला सांगितले. आजी ‘रविवार, शनिवार’ म्हणून थांबल्या आणि पुन्हा रविवारवर आल्या. भ्रमाची, म्हणजे डेलिरियमची, चाचपणी करण्यासाठी 1990 साली शॅरन इनौये आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत चार गोष्टी पाहतात: अचानक सुरू होऊन कमी-जास्त होणारा बदल, लक्ष न टिकणे, विस्कळीत विचार आणि जागृतीच्या पातळीत बदल. पहिल्या दोन आणि उरलेल्या दोहोंपैकी एक असेल तर डेलिरियम धरावे. महिने उलटे म्हणायला सांगणे ही तिकडची रीत आहे. शाळा न पाहिलेल्या बाईला वार विचारणे ही सिस्टरची स्वतःची सोय, आणि ती योग्यच होती.

तिने डॉक्टरांना पुन्हा फोन करून हे आकडे वाचून दाखवले. डॉक्टर वॉर्डमध्ये आले, सलाईनचा वेग वाढवला आणि रक्त तपासणीला पाठवले. इंजेक्शन दिले गेले नाही. मुलाला आत बोलावून आजींच्या उशाशी बसवले, डोक्यावरचा दिवा मंद केला आणि चष्मा डोळ्यांवर दिला. पहाटे चारला त्यांना झोप लागली. सकाळच्या अहवालात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) 1.5 आले. दाखल होताना ते 0.9 होते.

एवढे सगळे करूनही सकाळी पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये तोंडी गेले ते एकच वाक्य: ‘बेड अकरा रात्रभर त्रास देत होती.’ आकडे नोंदवहीत होते, पण बोलण्यात नव्हते. दिवसाच्या सिस्टरच्या मनात आजींची प्रतिमा ‘त्रास देणारी’ अशी तयार झाली. नोंदवही उघडली गेली ती राउंडच्या वेळी, अडीच तासांनी.

कारणाचा शोध

चौथ्या दिवशी सकाळी नर्सिंगच्या अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी आजींना स्पंजिंग देत होती. पडदे ओढलेले होते, मुलगा चहाला गेला होता. ओले फडके ओठांवरून फिरवताना तिने विचारले, ‘आजी, पाणी का पीत नाही तुम्ही? कडू लागतं का?’ आजी त्या वेळी बऱ्याच भानावर होत्या. त्या म्हणाल्या, ‘पाणी प्यालं की भांडं मागावं लागतंय पोरी. रातीला त्या बाप्याला कसं सांगू? आन् भांडं घालताना जीव जातोय बघ माझा.’

या तीन वाक्यांत संपूर्ण केअर प्लॅन होता. बेडपॅन देण्यासाठी त्यांची कंबर उचलावी लागे, आणि वॉर्डमधील नेहमीचे उंच काठाचे भांडे सरकवताना मोडलेल्या खुब्यात कळ येई. रात्री ते काम मामांकडे असे. मुलाला सांगणे तर त्याहून अवघड. म्हणून आजींनी आपल्यापुरता उपाय काढला होता: पाणीच प्यायचे नाही. सून जाण्याच्या वेळी संध्याकाळी एकदा भांडे घ्यायचे, की दुसऱ्या दिवशी ती येईपर्यंत निभावायचे.

परिचर्यातज्ज्ञ आयडा जीन ऑर्लँडो यांनी 1961 साली परिचर्या प्रक्रियेची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी एक साधी अट आहे. नर्सला जे दिसले आणि त्याचा तिने जो अर्थ लावला, तो रुग्णाकडून पडताळून घेतल्याशिवाय कृती करू नये. तीन दिवस सर्वांना दिसत होते की आजी पाणी पीत नाहीत, आणि सर्वांनी अर्थ लावला होता की वयामुळे तहान कमी आहे, तोंडाला चव नाही, म्हातारपणी असेच असते. हे अर्थ अशक्य नव्हते. ते फक्त कोणी आजींना विचारून पाहिले नव्हते.

विद्यार्थिनीने हे आजींचे शब्द आहेत तसे नोंदवहीत उतरवले, हेही महत्त्वाचे. रुग्ण स्वतः सांगतो ती व्यक्तिनिष्ठ माहिती अवतरणात लिहावी असे शिकवतात, पण प्रत्यक्षात ‘रुग्ण संकोची आहे’ असा सारांश लिहिण्याकडे कल असतो. तसे लिहिले असते तर वेदनेचा भाग गळून पडला असता.

सुधारित निदान

इन्चार्ज सिस्टरने त्याच दुपारी प्लॅन नव्याने लिहून घेतला. धोका आता प्रत्यक्षात उतरला होता, म्हणून निदानाचा प्रकारही बदलला. नवे निदान असे होते: ‘शरीरातील द्रवाची कमतरता, बेडपॅन घेताना होणारी वेदना आणि पुरुष कर्मचाऱ्याकडे मागण्याचा संकोच यांमुळे रुग्णाने स्वतःहून पाणी टाळण्याशी संबंधित, कोरडी जीभ, नाडी 108, रक्तदाबातील घट, लघवीचे कमी प्रमाण आणि रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावरून दिसून येणारी.’ याला जोडून तीव्र भ्रम, चार दिवसांची बद्धकोष्ठता आणि त्वचेला इजा ही निदाने आली, कारण सकाळी कूस वळवताना माकडहाडावर दाबल्यावरही फिकी न पडणारी लाली दिसली होती. ती पहिल्या पायरीची दाबजन्य इजा होय. अशा इजेचा धोका मोजण्याच्या बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांच्या श्रेणीवर आजींचे गुण 14 आले. 23 पैकी 18 किंवा त्याखाली गुण म्हणजे धोका, आणि 13 ते 14 म्हणजे मध्यम धोका.

प्राधान्यक्रम ठरवताना एक रास्त वाद झाला. मानसशास्त्रज्ञ मास्लो यांच्या गरजांच्या उतरंडीप्रमाणे शारीरिक गरजा आधी आणि मान-संकोचाच्या गोष्टी वरच्या पायरीवर, असे शिकवले जाते. एका सिस्टरचे म्हणणे होते की आधी पाणी भरून काढू, लाजेचे नंतर पाहू. पण येथे लाज हीच पाणी तुटण्याची पहिली कडी होती. उतरंड समस्यांचा क्रम लावायला उपयोगी पडते. कारणांचा क्रम लावायला तिचा आधार घेतला की फसगत होते. अखेर निदान द्रवाचेच पहिले ठेवले, पण त्याखालची पहिली कृती भांड्याविषयीची लिहिली.

अपेक्षित परिणाम मोजता येईल असा ठरवला: 24 तासांत तोंडावाटे किमान 1200 मिलिलिटर द्रव आणि लघवी किमान 625 मिलिलिटर. लघवीचा आकडा ताशी दर किलोमागे अर्धा मिलिलिटर या हिशेबाने काढला. 52 किलोला ताशी 26, दिवसाला सव्वासहाशेच्या आसपास. भ्रमासाठी 48 तासांत दिवस, जागा आणि माणसे ओळखणे, बद्धकोष्ठतेसाठी 48 तासांत शौचास होणे आणि त्वचेसाठी 72 तासांत लाली जाणे असे परिणाम ठरले.

विचारात घेतलेले पर्याय

निवासी डॉक्टरांनी कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घालायची लघवीची नळी, सुचवला. तो पर्याय फेटाळण्याजोगा नव्हता. कॅथेटर घातला असता तर भांड्याचा प्रश्नच मिटला असता, लघवी बरोबर मोजली गेली असती आणि आजींनी कदाचित त्याच दुपारी पाणी प्यायले असते. पण मूत्राशय भरून राहिलेले नव्हते. कॅथेटर जितके दिवस राहतो तितका संसर्गाचा धोका वाढतो, त्यात मधुमेह आणि दोन-तीन दिवसांवर आलेली शस्त्रक्रिया. भ्रमातला रुग्ण नळी ओढतो, हे त्याहून वाईट. इन्चार्ज सिस्टरने डॉक्टरांना सांगितले की 24 तास द्या, लघवी सव्वासहाशेच्या वर गेली नाही तर उद्या कॅथेटर घालू. मुदत ठरवून मागितल्यामुळे डॉक्टरही राजी झाले.

मुलाने डायपर आणून ठेवले होते. घरच्यांना ती सोय वाटते आणि वॉर्डलाही. परंतु ओलावा आणि माकडहाडावरची लाली एकत्र आली की पहिल्या पायरीची इजा दुसऱ्या पायरीवर जायला वेळ लागत नाही. शिवाय ज्या बाईला लघवीची जाणीव आणि ताबा दोन्ही आहे तिला कपड्यात करायला सांगणे म्हणजे तिच्या संकोचावर मीठ चोळणे. एक्स-रेला आणि इकोला नेताना तेवढा डायपर वापरायचा, असे ठरले.

नुसते सलाईन वाढवणे हा तिसरा पर्याय आधीच चालू झाला होता आणि तो आवश्यकही होता. मात्र सलाईन डॉक्टरांच्या आदेशावर चालते, आणि ते थांबले की आजी पुन्हा पहिल्या जागी आल्या असत्या.

केलेली कृती

निवडलेला मार्ग अनेक लहान गोष्टींचा होता. ऑपरेशन थिएटरशेजारच्या कपाटात पुढून चपट्या काठाचे फ्रॅक्चर पॅन पडून होते. ते धुऊन आजींच्या खाटेखाली ठेवले. असे भांडे धडधाकट बाजूने सरकवता येते आणि कंबर थोडीच उचलावी लागते. खाटेवरच्या चौकटीला लोंबकळती दांडी लावून दिली, म्हणजे आजी दोन्ही हातांनी दांडी धरून आणि चांगला पाय रोवून स्वतःच थोड्या वर होऊ शकत. ट्रॅक्शनची ओढ सुटू नये म्हणून मोडलेल्या पायाला दुसरीने आधार द्यायचा. वेदनेचे औषध दिल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने भांडे आपणहून पुढे करायचे, आजी मागतील याची वाट पाहायची नाही, असे वेळापत्रक लागले: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा.

रात्रीचा प्रश्न सर्वांत अवघड होता, कारण मावशींची रात्रपाळी नव्हती. शेजारच्या प्रसूती वॉर्डमध्ये मात्र रात्री मावशी असत. मेट्रनच्या परवानगीने रात्री दहा आणि पहाटे पाचला त्या दहा मिनिटे इकडे येतील असे ठरले. दोन्ही वेळी पडदा ओढायचा आणि मुलाला बाहेर थांबायला सांगायचे. पहाटे पाचची वेळ वेळापत्रकातल्या सकाळी सहाच्या जागी आली.

पाणी मोजण्याची पद्धत सुनेने सुचवली. मिलिलिटरच्या खुणांचा मग तिला उमगत नव्हता, म्हणून घरून आणलेले फुलपात्र सिस्टरने मापून पाहिले. त्यात 120 मिलिलिटर बसत होते. दहा फुलपात्री म्हणजे दिवसाचे लक्ष्य. खाटेच्या डोक्याशी एक पुठ्ठा लटकवला आणि प्रत्येक फुलपात्रामागे सुनेने एक रेघ मारायची, पाचवी रेघ आडवी. पाणीच प्यायला हवे असा हट्ट धरला नाही. बिनसाखरेचा चहा, पातळ ताक, पेज, वरणाचे पाणी सगळे चालले. दहापैकी सात रेघा दुपारी चारच्या आत व्हाव्यात असे सांगितले होते, म्हणजे रात्री भांडे कमी वेळा लागेल.

एक गोष्ट वेळीच लक्षात आली. मुलाने बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल आणला होता आणि रात्री तो आजींना देणार होता. अंगात पाणी कमी असताना इसबगोल दिला तर तो आतच घट्ट बसण्याचा धोका असतो. तो बाजूला ठेवला आणि डॉक्टरांकडून लॅक्टुलोज लिहून घेतले. ट्रामाडॉल भ्रमात भर घालत असेल म्हणून डॉक्टरांनी त्याचा डोस कमी करून वेळेवर पॅरासिटामॉल सुरू केले. या गोष्टी नर्सिंगच्या एकटीच्या अधिकारातल्या नव्हत्या, पण त्यांची मागणी नोंदींच्या आधारावर नर्सिंगनेच केली.

त्वचेसाठी हवेची गादी मिळाली. ट्रॅक्शनमुळे पूर्ण कूस देता येत नव्हती, म्हणून दर दोन तासांनी कमरेखाली उशी सरकवून थोडा कल बदलायचा आणि टाचा गादीवरून उचललेल्या ठेवायच्या. मावशी लाल जागेवर तेल लावून चोळायला निघाल्या होत्या. हाडावरच्या लाल झालेल्या त्वचेला चोळल्याने आतील इजा वाढते, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

मूल्यमापन

पाचव्या दिवशी सकाळपर्यंत पुठ्ठ्यावर नऊ रेघा होत्या, म्हणजे 1080 मिलिलिटर. लघवी 750 मिलिलिटर भरली. सेवनाचा परिणाम अंशतः साधला, लघवीचा पूर्ण साधला, आणि कॅथेटरचा विषय तेथे थांबला. नाडी 92 आणि रक्तदाब 126/78 झाला. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन 1.1 आले. पाचव्या रात्री आजी थोड्या वेळासाठी पुन्हा गोंधळल्या, त्या रात्री शेजारच्या खाटेवर नवीन रुग्ण आल्याने वॉर्डमध्ये बरीच गडबड होती. सहाव्या दिवशी त्यांनी वार रविवारपासून सोमवारपर्यंत उलटे म्हणून दाखवले आणि वर ‘आता पाढे इचारू नको’ असे सांगितले.

बद्धकोष्ठतेचा परिणाम साधला नाही. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, म्हणजे लॅक्टुलोज सुरू केल्यापासून पाचव्या दिवशी शौचास झाली. 48 तासांची मुदत मुळातच आशावादी होती. पाणी कमी, हालचाल नाही आणि ट्रामाडॉल सुरूच, अशा रुग्णात ती किमान तीन-चार दिवसांची हवी होती. माकडहाडावरची लाली 72 तासांनी फिकी झाली होती, पूर्ण गेली नव्हती. पुढे ती गेली.

काय वेगळे करता आले असते

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री दहापासून आजींना उपाशी ठेवले. त्यांचा क्रमांक यादीत पहिला होता, पण एका अपघाताच्या रुग्णामुळे तो दुपारी एकवर गेला. तीन दिवस रेघारेघांनी भरलेले पाणी पंधरा तासांत पुन्हा आटण्याची वेळ आली. भूल देण्यापूर्वी दोन तासांपर्यंत स्वच्छ द्रव घेता येतात, हा आता सर्वमान्य नियम आहे. मधुमेहात जठर हळू रिकामे होत असल्यास भूलतज्ज्ञ त्यात बदल करतात. सकाळी आठ वाजता क्रमांक मागे गेल्याचे कळताच भूलतज्ज्ञांना विचारायला हवे होते. ते विचारले गेले अकरा वाजता, तेव्हा त्यांनी सलाईन सुरू करायला सांगितले. ‘उपाशी ठेवावे’ ही ओळ एकदा लिहिली की तिचे पुनर्मूल्यांकन कोणी करत नाही. तिच्यापुढे वेळ लिहिण्याची सवय हवी.

हँडओव्हरचे वर आलेच आहे. रात्रीच्या सिस्टरने आकडे आणि निरीक्षण तोंडी सांगितले असते, तर कारणाचा शोध निदान काही तास आधी सुरू झाला असता. तो विद्यार्थिनीच्या एका प्रश्नावर सोडला गेला, आणि त्या दिवशी तिची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डला असती तर कॅथेटर घातला गेला असता. कदाचित त्यानेही निभावले असते. पण मग घरी जाण्याच्या नियोजनात जे पुढे आले, ते आले नसते.

डिस्चार्जपूर्वी विद्यार्थिनीने आजींना, त्या कशा पडल्या हे पुन्हा विचारले. केस पेपरवर ‘अंगणात घसरून पडल्या’ एवढेच होते. संडास घरामागे, अंगणाच्या टोकाला. रात्री उठावे लागू नये म्हणून आजी कित्येक वर्षे दिवेलागणीनंतर पाणी पीत नव्हत्या. पडल्या त्या पहाटे, अंधारात, संडासला जाताना. म्हणजे पाणी टाळण्याची सवय वॉर्डमध्ये लागलेली नव्हती, ती घरून आली होती, आणि फ्रॅक्चरचा उगमही त्याच वाटेवर होता. दाखल होतानाच्या आकलनात ‘कोठे पडल्या’ याच्यापुढे ‘कशासाठी उठल्या होत्या’ एवढा एक प्रश्न असता तर हे पहिल्याच दिवशी कळले असते. त्या वॉर्डच्या फॉर्ममध्ये पडून आलेल्या रुग्णांसाठी तो प्रश्न आता घातला आहे.

घरच्या प्लॅनमध्ये कमोडची खुर्ची, अंगणात रात्रीचा दिवा आणि सुनेने संध्याकाळी सहानंतरही एक फुलपात्र देणे अशा तीन गोष्टी लिहून दिल्या. सहा आठवड्यांनी आजी वॉकर धरून तपासणीला आल्या, तेव्हा सुनेने सांगितले की खुर्ची आणली, पण पहिले आठ दिवस आजींनी तिला हात लावला नाही, कारण मुलाने ती बाहेरच्या खोलीत ठेवली होती. ती माजघरात पडद्याआड हलवल्यावर वापर सुरू झाला. अंगणातला दिवा अजून लागलेला नव्हता. सिस्टरने तसे नोंदवून पुढच्या भेटीसाठी तो मुद्दा उघडा ठेवला.